गावच्या जवानांचं स्मारक: आधी नावं, मग दगड

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर या पट्ट्यातल्या कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. मजकूर साधारण सारखाच आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीत: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. गेलेल्यांचा एक आकडा, न परतलेल्यांचा एक आकडा. नाव एकाचंही नाही.

त्याआधीची आपली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड पाहा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शिल्प देखणं असतं, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. गावकरी शेंदूर लावतात, नारळ फोडतात, मात्र तो कोण होता हे कुणाला सांगता येत नाही. याउलट भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर कंपनी सरकारच्या फौजेतली ४९ नावं कोरलेली आहेत आणि त्यांतली २२ नावं शेवटी ‘नाक’ लावलेली, म्हणजे महार जवानांची आहेत. तेवढ्या दोन अक्षरांवरून दोनशे वर्षांनीही लोकांना आपली माणसं ओळखता येतात.

आमच्या गावाने स्मारकाचं काम काढलं तेव्हा पहिल्या बैठकीत चर्चा झाली ती कमानीची, बंदूक धरलेल्या पुतळ्याची आणि कारंज्याची. नावांची यादी कुणाकडेच नव्हती. पुढची दोन वर्षं त्या यादीत गेली आणि बांधकाम तीन महिन्यांत उरकलं. हे प्रमाण असंच असावं, असं मला आज ठामपणे वाटतं. ज्या गावांना हे काम करायचं आहे त्यांच्यासाठी आम्ही शिकलो ते सगळं इथे मांडतो.

यादी: सगळ्यात लांबचं काम

सुरुवात घरांपासून करा. दोन-तीन जणांनी, त्यांत शक्यतो एक निवृत्त फौजी आणि एक गावातली जाणती बाई, घरोघर जावं. बाया बोलतात ते बायांपाशीच. प्रश्न एवढाच: तुमच्या भावकीत कुणी पलटणीत होतं का, कुणी परत आलं नाही असं ऐकलंय का? पहिल्या महायुद्धाला म्हातारी माणसं ‘जर्मनची लढाई’ म्हणत, कुणी ‘बसऱ्याला गेला’ म्हणत. १९१४ म्हटलं तर कुणाला काही आठवत नाही, बसरा म्हटलं की आठवतं.

मग ट्रंका उघडायला सांगा. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं, त्यामुळे अडीनडीला बरीच मेडलं सोनाराकडे गेली. पण जी उरली त्यांच्या कडेवर, म्हणजे नाण्याला दाते असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते. आम्ही हातात घेतलेलं पहिलं मेडल घरच्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. हळद-कुंकवाने चेहरा झाकून गेला होता. कड मात्र स्वच्छ होती. भिंगाखाली ती फिरवत फिरवत वाचली, तेव्हा त्या घरातल्या लोकांना पणजोबांची पलटण पहिल्यांदा कळली: ११० नंबरची मराठा.

काही घरांत तळहाताएवढी, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची जड तबकडीही सापडते. युद्धात मेलेल्याच्या वारसाला ब्रिटिश सरकार ती पाठवत असे. तिच्यावर नाव उठावाच्या अक्षरांत असतं आणि हुद्दा नसतो, मरणात सगळे सारखे म्हणून. अशी वस्तू दिसली की तिथेच दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा आणि वस्तू घरातच राहू द्या. ‘स्मारकात ठेवू’ म्हणून मेडलं गोळा करू नका. ती हरवली तर गाव तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

घरं संपली की कागद. १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७ या काळात मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची मोफत यादी इंटरनेटवर आहे. १९१७ साली स्थापन झालेली ही संस्था खडकीची युद्ध दफनभूमीही सांभाळते. शोधताना ‘इंडियन आर्मी’ निवडा आणि नावाच्या रकान्यात वेळ घालवू नका. ‘अ‍ॅडिशनल इन्फो’च्या रकान्यात गावाचं, तालुक्याचं नाव टाका, कारण तिथे बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. इंग्रज कारकुनाने कानाला आला तसा शब्द लिहिला आहे, म्हणून एकाच नावाची पाच-सहा स्पेलिंगं करून बघा. जावळी ‘जाओली’ असते, महादेव ‘महादेओ’, जाधव ‘जाधाओ’. जिल्हेही जुने आहेत: रायगडऐवजी कुलाबा, सिंधुदुर्ग शोधायचा तर रत्नागिरी, आणि आजच्या सांगलीतली वाळवा-तासगावकडची गावं त्या काळच्या सातारा जिल्ह्यात. संस्थानी मुलुखातला माणूस कोल्हापूर, औंध, भोर, फलटण अशा नावाखाली निघतो. सगळे निकाल एका एक्सेल शीटमध्ये उतरवा आणि प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं तो रकाना ठेवा. या एका रकान्याने आमची पुढची अर्धी भांडणं मिटली.

याच यादीत तुम्हाला बसरा स्मारक पुन्हा पुन्हा दिसेल. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेत मेलेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक. मूळच्या पाट्यांवर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि भारतीय शिपायांचा पलटणवार नुसता आकडा दिला गेला. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला कूत पडलं आणि उरलेले जवान तुर्कांच्या कैदेत गेले. उपाशीपोटी मेलेल्या, वाळवंटातून चालवत नेलेल्या त्या माणसांच्या वाट्याला दगडावर आकडा आला. २०२१ साली खुद्द कमिशनने अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला. तिथेही आकडा आणि आपल्या चावडीवरही आकडाच, हे लक्षात आलं त्या दिवशी आमच्या समितीतला कमानीचा विषय आपोआप बंद झाला.

यादीत ‘फॉलोअर’, ‘पोर्टर’, ‘लेबर कोअर’ असे शब्द आले तर ती माणसं गाळू नका. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, जखमींना उचलणारे तेही युद्धातच मेले.

गावातले सरकारी कागद वेगळेच बोलतात. लढाईत मेलेल्या शेतकऱ्याच्या जमिनीवर वारस लागला, की गाव नमुना ६च्या फेरफार नोंदवहीत त्याची नोंद होते. जुन्या फेरफारांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. मजकूर मोडीत निघाला तर वाचणारा माणूस शोधून ठेवा. जुन्या नोंदीत आडनाव नसेल, ‘रामा बिन धोंडजी’ असं असेल. हे ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर जन्मतारखेसाठी आणि नावाच्या शुद्धलेखनासाठी बघा. आणि हेळवी आले तर सोडू नका. आमच्या भागात बैल घेऊन दारोदार वंशावळ सांगत फिरणाऱ्या हेळव्यांच्या चोपडीत जी पिढी मिळाली, ती कुठल्याच कार्यालयात नव्हती. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघून घ्याव्यात. घरचं कुणी तिकडे विधीसाठी गेलं असेल तर नाव सापडतं.

१९४७ नंतरच्या जवानांसाठी वाट सरळ आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. सोबत सर्व्हिस नंबर, पलटण, पेन्शनच्या पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत जोडा. गरज पडली तर त्यांच्यामार्फत रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार होतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची पंचवीस हजारांवर नावं आहेत आणि ती संकेतस्थळावरही शोधता येतात. तिथलं नाव आणि घरचं नाव जुळवून पाहा.

कुणाला घ्यायचं, हे लिहून ठरवा

भांडण होतं ते इथे. सीमेवर गोळी लागून गेलेल्याबद्दल कुणी बोलत नाही. पण हिमकड्याखाली सापडलेला, ट्रक दरीत गेला त्यात गेलेला, ड्युटीवर हृदयविकाराने गेलेला? सीआरपीएफ, बीएसएफचा जवान? पोलीस? १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत गेलेला?

सैन्याच्या कागदावर ‘शहीद’ हा शब्द नसतो. तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतली) आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (इतर कारणांनी झालेली) असे वर्ग असतात आणि घरच्यांना मिळणारे लाभ त्यावर ठरतात. गावाने तो वर्ग तसाच उचलायचं कारण नाही. आम्ही नियम केला: सेवेत असताना, कर्तव्यावर असताना ज्याचा मृत्यू झाला तो आमचा. सैन्य असो की निमलष्करी दल, फरक नाही. तुमचा नियम वेगळा असू शकतो. पण तो नावं समोर यायच्या आधी ठरवा आणि ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये उतरवा. नावं आल्यावर नियम केला, की तो कुणाला तरी वगळायला केला असंच लोक म्हणणार.

गाव कुणाचं, हाही प्रश्न येतो. वाडी पुढे स्वतंत्र ग्रामपंचायत झाली, घर मुंबईला गेलं, धरणात गाव उठून पुनर्वसन झालं. भरती होताना ज्या गावचा पत्ता होता ते गाव, हा सगळ्यात सोपा निकष. दोन गावांनी एकच नाव कोरलं तरी काही बिघडत नाही.

जागा आणि परवानग्या

ग्रामसभेचा ठराव पहिला. ठरावात जागेचा गट नंबर किंवा मिळकत नंबर, स्मारकाचं स्वरूप, खर्च कोण करणार आणि नंतर देखभाल कोण करणार या चारही गोष्टी असू द्या. चौथी बाब बहुतेक ठरावांत नसते.

जागा गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या नावावरची, नमुना ८ला लागलेली असेल तर उत्तम. रस्त्याची कड, चौक, फूटपाथ यांचा विचार सोडा: सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे किंवा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. गायरानाच्याही नादाला लागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालानंतर सार्वजनिक जमिनींवरच्या बांधकामांकडे प्रशासन कडक नजरेने बघतं, आणि हुतात्म्यांची नावं अतिक्रमणाच्या यादीत जाणं कुणालाच शोभणार नाही. जिल्हा परिषद शाळेच्या आवारात करायचं तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शिक्षण विभागाची लेखी संमती घ्या.

पुतळ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. हे सगळं झालं तरी बारा नावांच्या स्मारकावर एकाच चेहऱ्याचा पुतळा उभा राहतो. रायगड जिल्ह्यात माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, तो योग्यच आहे. १० जुलै १९४४ला इटलीत एकट्याने मशीनगनचं ठाणं जिंकून ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका माणसाचं स्मारक करायचं तर पुतळा. सगळ्या गावाच्या जवानांसाठी नावांचा दगडच हवा.

अशोकस्तंभाची राजमुद्रा दगडावर कोरू नका. तिच्या वापरावर २००५चा कायदा आहे आणि ग्रामस्थांच्या समितीला ती वापरता येत नाही. पलटणीचं चिन्ह वापरायचं असेल तर त्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहून परवानगी मागा.

पैसे

लोकवर्गणी काढा. समिती नोंदणीकृत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१सी खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच. पावती पुस्तक, बँक खातं, दोन सह्या. आमदार-खासदार निधीत स्मारकाचं काम बसतं का, हे जिल्हा नियोजन कार्यालयाकडून लेखी घेतल्याशिवाय त्या पैशाच्या भरवशावर पाया खणू नका.

देणगीदारांची नावं पावतीवर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या, दगडावर मुळीच नको. उद्घाटनाची कोनशिला लावायचीच असेल तर बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर लावा, आणि तिच्यावरची अक्षरं जवानांच्या नावांपेक्षा लहान ठेवा. हे पहिल्याच बैठकीत मंजूर करून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

दगड

जुन्या पाट्या संगमरवरी होत्या आणि त्यांची आजची अवस्था बघितली की संगमरवर का नको ते कळतं. शंभर पावसाळ्यांत अक्षरांच्या कडा विरघळून गोल झाल्या आहेत. काळा ग्रॅनाइट टिकतो आणि त्यावर नाव स्वच्छ उठतं. आपल्या डोंगरातला काळा पाषाणही टिकाऊ, पण त्यावर बारीक अक्षर कोरणारा पाथरवट आता सहज मिळत नाही. मिळाला तर त्यालाच काम द्या.

ओट्याला वापरतात ती १८-२० मिलिमीटरची फरशी घेऊ नका. किमान ४० मिलिमीटर जाडी हवी. दोन फूट बाय तीन फुटांची अशी फळी साठ किलोच्या आसपास भरते, म्हणजे नुसत्या चिकटवण्यावर तिचा भरवसा नाही. मागे स्टेनलेस स्टीलच्या पिना किंवा क्लॅम्प द्यायला सांगा. साध्या लोखंडाची पीन गंजून फुगते आणि दगड आतून फोडते.

अक्षर खोल आणि व्ही आकारात कोरलेलं घ्या, नुसतं लेझरने खरवडलेलं नको. रंग पाच-सात वर्षांत उडणारच. खोल कोरलेलं अक्षर रंग गेला तरी सावलीवर वाचता येतं. एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचलं जातं, तेवढं तरी असू द्या. कारागीर बहुधा अक्षराच्या हिशेबाने दर सांगतो, म्हणून मजकूर पक्का झाल्याशिवाय दर पक्का करू नका.

सगळी नावं एका मोठ्या फळीवर कोरायची की वेगवेगळ्या? आम्ही आधी एकच फळी ठरवली होती, खाली थोडी जागा मोकळी ठेवून. ग्रामसभेत एक वीरमाता उठल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, ती खालची जागा कुणासाठी ठेवलीया?” सभेत कुणी बोललं नाही. गावातली तेवीस पोरं त्या वेळी सेवेत होती. मग ठरलं की प्रत्येक नावाची वेगळी लांबट शिळा करायची आणि त्या एका भिंतीत बसवायच्या, एकही जागा रिकामी न ठेवता. वेळ आलीच तर भिंत वाढवता येईल. जुनं एखादं नाव उशिरा सापडलं तरी हीच सोय कामाला येते, आणि एका शिळेवर चूक झाली तर सगळी फळी बदलावी लागत नाही.

मजकूर आणि प्रूफ

क्रम मृत्यूच्या तारखेने लावा. हुद्द्याने, आडनावाने किंवा आळीने लावू नका. तारखेच्या क्रमाने १९१६चा शिपाई सुभेदाराच्या आधी येतो आणि कुणाला काही म्हणायला जागा राहत नाही. प्रत्येक शिळेवर हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण एवढंच. कविता, घोषणा, ‘अमर रहे’ हे सगळं वगळलं तरी काही कमी पडत नाही.

प्रूफ हा भाग मी सगळ्यात कळकळीने सांगतो. पहिल्या कारागिराने कोरून आणलेल्या दोन शिळा आम्हाला परत कराव्या लागल्या. सूर्यवंशीचा ‘सू’ ऱ्हस्व झाला होता आणि दुसरीवर फॉण्ट बदलताना रफार भलत्याच अक्षरावर गेला होता. दोष आमचाही होता, आम्ही मोबाइलवर बघून ‘ओके’ म्हटलं होतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक शिळेचा मजकूर खऱ्या मापात कागदावर छापला आणि मारुतीच्या देवळात पंधरा दिवस लावून ठेवला. शेजारी दोरीला पेन बांधून वही.

त्या वहीत चौदा दुरुस्त्या आल्या. एकाहत्तरच्या युद्धातल्या एका जवानाच्या पत्नी, वय ऐंशीच्या पुढे, नातीला घेऊन आल्या. नातीने वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, “हे सासऱ्यांचं नाव न्हाई. हे चुलत सासऱ्यांचं हाय.” लहानपणी चुलत्याने शाळेत नाव घातलं, तिथे वडिलांच्या जागी चुलत्याचं नाव लागलं, तेच भरतीला गेलं, तेच पेन्शनवर आलं. पन्नास वर्षं त्या पेन्शनच्या कागदावर अंगठा देत होत्या, पण कुणी मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं. आम्ही घरच्यांच्या लेखी संमतीने दगडावर खरं नाव घेतलं आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत सरकारी कागदावरचं नावही लिहून ठेवलं, म्हणजे पुढे कुणी पडताळा घेतला तर गोंधळ नको.

शेवटी प्रत्येक घरातल्या एकाची प्रूफच्या कागदावर सही घ्या. वीरपत्नीचं पुनर्लग्न झालं असेल तर त्यांनाही बोलवा आणि सासरच्या घरालाही बोलवा. सह्या दोघांच्या.

पाया आणि बसवणं

काळ्या मातीत पाया उथळ घेतला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडा ठरलेला. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा, काढलेली माती परत भरू नका, मुरमाने भरून धुम्मस करा. जोतं जमिनीपासून दीड-दोन फूट वर, फरशीला बाहेरच्या बाजूने उतार. भिंतीच्या माथ्यावर बाहेर आलेली पागोळी ठेवा, म्हणजे पाणी नावांवरून ओघळत नाही. पायऱ्यांबरोबर रॅम्पही करा. स्मारकाला सगळ्यात जास्त येणारी माणसं म्हातारी असतात.

कुलूप लावलेलं कुंपण नको. वड, पिंपळ, उंबर पायाजवळ लावू नका, मुळं दगड उचलतात.

गावात जुनी संगमरवरी पाटी असेल तर ती उखडून नव्या भिंतीत आणायचा मोह टाळा. चुन्यात बसवलेली शंभर वर्षांची पाटी काढताना फुटते. आहे तिथेच ठेवा आणि तिच्याखाली मराठी अर्थाची छोटी पाटी लावा. साफ करताना ॲसिड, तारेचा ब्रश, पॉलिश काही नको. साधं पाणी आणि मऊ ब्रश. अक्षरं वाचता येत नसतील तर रात्री जा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरांच्या सावल्या उभ्या राहतात. आमच्या पाटीवरचा ऑइलपेंटखाली गेलेला आकडा आम्ही असाच वाचला: ३८ गेले, ५ आले नाहीत.

अनावरण

तारीख २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १५ ऑगस्ट, ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन किंवा १६ डिसेंबरचा विजय दिवस अशी घेता येते. आम्ही गावच्या यात्रेच्या आदल्या दिवशी केलं, कारण सेवेतली पोरं त्याच वेळी रजेवर येतात. पाहुणे त्यांच्या सोयीने बोलवले.

स्मारक तिरंग्याने झाकू नका. ध्वजसंहितेप्रमाणे पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरता येत नाही. तो शेजारी, वेगळ्या खांबावर सन्मानाने फडकवायचा. झाकायला साधं पांढरं किंवा भगवं कापड चालतं. बिगुलर आणि मानवंदनेची तुकडी हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत दोन-तीन महिने आधी पत्र द्या. पडदा वीरमाता-वीरपत्नींच्या हातून निघू द्या. भाषणं त्यानंतर, दोनच. आधी सगळी नावं सावकाश वाचायची, प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबून.

पुढची वर्षं

ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात देखभालीची छोटी रक्कम दर वर्षी धरायला लावा. लोक दगडाला हळद-कुंकू लावणार, तेलाचा दिवा ठेवणार, नारळ फोडणार. मनाई करून ते थांबत नाही आणि थांबवायचं तरी कशाला? शिळांपासून चार फुटांवर दगडी दिवठाण आणि फुलांसाठी कट्टा करून द्या, सगळं तिथे जातं आणि ग्रॅनाइटवर तेलाचे डाग पडत नाहीत. वर्षातून एकदा साध्या पाण्याने धुणं, अक्षरांतला रंग तपासणं, सांध्यांत पाणी शिरतंय का ते बघणं, एवढं पुरतं. नावांची नोंदवही तीन ठिकाणी ठेवा: ग्रामपंचायत, शाळा आणि कुणाच्या तरी घरचा पेन ड्राइव्ह.

आणि शोध चालू ठेवा. जुन्या पाटीवरच्या पाचांपैकी चार नावं आम्हाला मिळाली. पाचव्याची शिळा भिंतीत आहे, तिच्यावर कोरलंय: ‘या गावचा एक जवान, १९१४-१९१९. नाव शोधत आहोत.’ दर दिवाळीच्या सुट्टीत शाळेतली दोन मुलं आणि मी कमिशनची ती यादी नव्या स्पेलिंगने पुन्हा चाळतो. मागच्या खेपेला ‘जाओली’खाली एक नाव निघालं. गावाचं नाव मोडकं लिहिलंय, वडिलांचं नाव धोंडी, पलटण ११७. गावात दोन भावक्यांत धोंडी होऊन गेले. दोन्हीकडचे जुने फेरफार काढायला अर्ज दिला आहे.